एस्तेरबाईंची धुरी

प्रवरेकाठच्या बेलापुरात शाळेवर नेमणूक झाली आणि खोली बघायला गेलो त्या दिवशी एस्तेरबाईंनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीही विचारलं नाही. त्या दारात आल्या, दंडाला धरून मला उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत डोकावल्या. मग दुसऱ्या डोळ्याची. मी इतका गांगरलो की हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"रगात कमी हाय," त्या म्हणाल्या. "शेवग्याचा पाला खात जा. खोली घ्या तुमी, पन वर स्लॅबवर पाखरं हायेत. त्यांची घान हुती, आवाज हुतो, ते आधीच सांगते. मागून कुरकुर चालायची न्हाई."

मी खोली घेतली आणि शेवग्याचा पालाही खाऊ लागलो. नाही खाल्ला तर त्या पापणी ओढून ओळखतील अशी मला खरोखरच भीती वाटायची.

एस्तेरबाईंनी उभी हयात अंगणवाडीत काढली होती. निवृत्त झाल्या तरी हाताची सवय सुटली नव्हती. गल्लीत कोणी भेटलं की आधी डोळे, मग नखं, आणि मग "कसं काय". सगळ्यात जास्त राग त्यांना काजळाचा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ दिसलं की त्या बाळाच्या आजीची सात पिढ्यांसकट विचारपूस व्हायची. एकदा चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा चालला होता. पाळकसाहेबांनी बाळ हातावर घेतलं, पाण्यात बोटं बुडवली, आणि एस्तेरबाई बाकावरून उठल्या. सगळ्यांच्या देखत पुढे गेल्या, पदराचं टोक त्याच पाण्यात भिजवलं, बाळाचे डोळे स्वच्छ पुसले आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, "हां, घाला आता पानी." पाळकसाहेबांनी गुमान घातलं. तेही लहानपणी बाईंच्याच अंगणवाडीत होते.

त्यांचे यजमान, सामू मिस्त्री, मी राहायला जायच्या आधीच गेले होते. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आणि एस्तेरबाईंच्या तक्रारींमधून ओळखलं. गवंडीकामात त्यांचा हात कोणी धरत नसे. पण स्वतःच्या घराला त्यांनी बाहेरून गिलावा केला नव्हता, आणि स्लॅबवरच्या कबुतरांच्या ढाबळीला मात्र आतून-बाहेरून केला होता, वर निळा रंग दिला होता आणि प्रत्येक खणाला छोटीशी कमानही काढली होती. "पाव्हनं यायचं ते ढाबळ बघायला वर जायचं," एस्तेरबाई सांगायच्या. "खाली कोन बसतंय? आमचा संसार तिघांचा, सर. मिस्त्री, पाखरं आन मी. त्यात मी तिसरी."

मिस्त्री गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पाखरं देऊन टाकायचं. देवळाली प्रवरेला एक शौकीन माणूस होता. तो टेम्पो घेऊन आला आणि क्रेट भरभरून सगळी पाखरं घेऊन गेला. त्याने ती बरेच दिवस कोंडून ठेवली, चांगलंचुंगलं चारलं आणि आता रुळली असं वाटून एका सकाळी दार उघडलं. इकडे एस्तेरबाई चहाचा कप विसळत होत्या, तोच वर फडफड झाली. पाठोपाठ त्या माणसाचा फोन.

"बाई, पाखरं आली का वो तिकडं?"

"आली," बाई म्हणाल्या. "दानं मागाया लागलीत."

त्यानंतर त्यांनी पाखरं द्यायची भाषा काढली नाही. "नोहानं तारवातनं कबुतर सोडलं, तेबी माघारी आलं," त्या म्हणायच्या. "तवापासून ह्या जातीला हीच खोड हाय. मी कोन हाकलनारी?"

मिस्त्रींनी पाखरांना पवित्र शास्त्रातली नावं दिली होती. बाईंनी राज्य हाती घेताच ती सगळी बदलली. शौलाचा हावऱ्या झाला, रिबकेची रडकी झाली, आणि एक देखणं पांढरं पाखरू दिवसभर दुसऱ्यांच्या स्लॅबवर असायचं म्हणून त्याचं नाव उंडगा पडलं. एकाच पाखराचं नाव तेवढं त्यांनी राहू दिलं. तो दाऊद. निळसर राखी, मानेवर हिरवी झाक. त्याची आई पिल्लू टाकून गेली, तेव्हा मिस्त्री आजारी होऊन अंथरुणावर होते. त्यांनी ते पिल्लू उशाशी ठेवून भिजवलेले हरभरे एकेक करून स्वतःच्या हातानं चारले. पिल्लाला पिसं फुटली आणि मिस्त्री गेले.

रोज संध्याकाळी बाई स्लॅबवर पोतं अंथरून बसायच्या आणि पाखरांची हजेरी घ्यायच्या. एकेक पाखरू हातात धरायचं, मान अंगठ्याने हलकेच वळवायची आणि डोळे बघायचे. आधी एक, मग दुसरा. मी जिन्यात उभा राहून हा कार्यक्रम बघत असे. "चोच खोटं बोलती, सर," त्या मला समजावायच्या. "आजारी पाखरू दानं टिपल्याचं सोंग करतं. डोळ्याला सोंग येत न्हाई."

हजेरीनंतर धुरी. मिस्त्रींच्या सिमेंट कालवायच्या घमेल्यात त्या गोवऱ्यांचे निखारे ठेवायच्या, त्यावर वाळलेला कडुलिंबाचा पाला, ओवा, वावडिंग आणि चिमूटभर ऊद. तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर देतात ना, तशीच. घमेलं ढाबळीत सरकवायचं, दार लावून घ्यायचं आणि कडीवर हात ठेवून उभं राहायचं. खालच्या फटीतून धूर बाहेर यायचा. बाई खोकायच्या, पण हलायच्या नाहीत. मला वाटायचं, पूर्वापार चालत आलेली रीत असेल.

त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडली. बाईंना पाखरांची काळजी लागली. त्यांनी कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स पैदा केला आणि ढाबळीच्या जाळीवर चारी बाजूंनी घट्ट बांधला. छापील बाजू आत. पाखरांना उठल्या-बसल्या हात जोडलेल्या भाऊंचं दर्शन घडायला लागलं. वारा येईना, उजेड येईना, खालची विष्ठा वाळेना. बाई खूश होत्या. "आता कशी ऊब धरली बघा," म्हणाल्या.

नाताळाच्या थोडं आधी रडकीच्या डोळ्यांना पाणी आलं. नावाप्रमाणे वागते आहे म्हणून आम्ही हसलो. मग हावऱ्याच्या डोळ्यांना आलं, मग उंडग्याच्या. डोळ्यांच्या कडांना फेस, पापण्या सुजलेल्या, भोवतीची पिसं ओली चिकट, आणि जो तो आपला डोळा खांद्यावर घासतो आहे. हसू संपलं.

बाईंनी तपास सुरू केला. पहिला संशय साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडून येणाऱ्या काजळीवर. पण वारा उलट्या दिशेचा होता, त्यामुळे कारखाना सुटला. दुसरा संशय शेजारच्या बबनरावांच्या मिरची कांडपावर. बाई पदर खोचून तिथे गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण बबनराव माझे चहाचे सोबती होते.

"बबन, बंद कर ते! माझ्या पाखरांचं डोळं गेलं तुझ्या मिरचीपायी!"

बबनराव मिरचीने माखलेले, नुसते डोळे तेवढे दिसत होते. "बाई, मिरची माझ्या नाकाखाली कांडली जाती. माझ्या डोळ्याला पानी हाय का बघा बरं."

बाईंनी बघितलं. म्हणजे पापणी ओढूनच बघितलं. डोळे निर्मळ होते. "तू निबर हायेस," त्या म्हणाल्या आणि तणतणत परत आल्या.

मग उपाय सुरू झाले. गुलाबपाणी झालं, दुधाची साय झाली. एका सकाळी मी पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला वर गेलो, तर बाई माझ्याकडे पाठ करून बसलेल्या, मांडीवर रडकी आणि बोटाला काळंभोर काहीतरी.

"बाई, काजळ?" मी म्हणालो.

"गप बसा सर!" त्या गर्रकन वळल्या. "हे आवशद हाय. लोनी-कापराचं."

 पण त्यांच्या चेहऱ्यावर जो अपराध होता तो अंगणवाडीत खडू खाताना सापडलेल्या पोराचा होता.

सगळ्यांत मोठा उपाय अर्थात धुरीचा. संध्याकाळी होतीच, आता सकाळीही सुरू झाली. पाणी जास्त आलं की धूर जास्त, आणि धूर जास्त झाला की पाणी जास्त. असं सगळं चाललं असताना दाऊदचा डावा डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पापणी सोडवून बघितली तर बुबुळावर पांढुरकी साय धरलेली.

त्या दिवशी त्या खाली आल्या आणि माझ्या दारात बसल्या. 

"सर," त्या म्हणाल्या, "मिस्त्रींची कापडं मी वाटून टाकली. थापी, ओळंबा, सगळं त्यांच्या हाताखालच्या पोरांना दिलं. ऱ्हायलं हे एक पाखरू. त्यांनी मरता मरता हातानं चारल्यालं. ह्याचा डोळा गेला, तर मी वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, जनावरांच्या दवाखान्यात जाऊ. त्यांनी नाक मुरडलं. तिथले डॉक्टर संदीप, गावातलेच, बाईंच्या अंगणवाडीतून गेलेले. "संद्या? त्याला उसळ नीट खाता येत न्हवती. निम्मी सदऱ्यावर सांडायचा." पण दाऊदला टोपलीत घालून निघाल्या. दवाखान्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि आम्ही असा नंबर होता. डॉक्टर बाहेर आले, बाईंना बघून आपसूक हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. दाऊदचे दोन्ही डोळे तपासले, बाकीच्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दोन्ही डोळे आणि सगळी पाखरं म्हणजे दोष एकट्याचा नाही. मला ढाबळ बघू द्या."

संध्याकाळी ते आले तेव्हा धुरी नुकतीच झाली होती. डॉक्टर वाकून ढाबळीत शिरले आणि लगेच खोकत, डोळे चोळत बाहेर आले. बाहेर येऊन त्यांनी फ्लेक्स बघितला, घमेलं बघितलं, नाकाला झोंबणारा विष्ठेचा वास घेतला.

"बाई, ही ढाबळ हाय का बाळंतिणीची खोली?"

"थंडी हाय म्हनून…"

"तुम्ही माझ्या आईला काय सांगायच्या? चुलीच्या धुरात लेकरू घेऊन बसू नको. खिडकी उघडी ठेव. डोळ्यात काही घालू नको. सगळ्या गल्लीला सांगितलंत, बाई. मग इथं हे काय?"

बाईंचा चेहरा उतरला. "मिस्त्री देत हुते धुरी."

"रोज?"

त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "न्हाई. ढाबळ धुतली की कवातरी. मीच भांडायची त्यांच्याशी, घर धुरकटतं म्हनून."

"मग तुम्ही रोज का द्यायला लागलात?"

खालून कांडपाचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "सांजच्याला तो वास आला की वर कोनीतरी हाय असं वाटतं रे."

डॉक्टर संदीपांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी आपण जिन्यातून खाली निघून जावं असं वाटलं. मग संदीपांनी अगदी हळू आवाजात, एकेक करून सगळं सांगितलं. धूर बंद. फ्लेक्स काढायचा. विष्ठा कोरडी झाडायची नाही, त्याची धूळ डोळ्यात जाते, ओली करून खरवडायची. आजारी पाखरं वेगळी ठेवायची. उकळून गार केलेल्या पाण्यात किंचित मीठ घालून डोळे धुवायचे, दर डोळ्याला नवा कापूस. मग त्यांनी दिलेले थेंब, दुसरे कुठले नाहीत. पिण्याचं पाणी रोज बदलायचं, आणि हिरवा पाला द्यायचा. दाऊदच्या डाव्या डोळ्याचं काही सांगता येत नाही, एवढं मात्र ते जाताना माझ्याजवळ म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून एस्तेरबाईंनी मोहीमच उघडली. फ्लेक्स उतरला आणि भाऊ गल्लीतल्या कोणाच्या तरी चाऱ्याच्या गंजीवर गेले. आजारी पाखरं खोक्यांमध्ये, खोक्यांना कापडी पडदे. हात साबणाने धुऊन बाई एकेकाच्या डोळ्यात थेंब घालायच्या, आणि थेंब घातलेल्या पाखराच्या नखाला मार्करने काळी खूण करायच्या. पोलिओच्या डोसाला पोरांच्या बोटाला करतात तशीच. नख रंगवलेला उंडगा खोक्यातून निसटून बबनरावांच्या पत्र्यावर जाऊन बसला, तेव्हा बबनराव म्हणाले, "बाई, ह्यानं मतदान केलं का काय?"

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. नाताळाला त्यांनी ताटभर करंज्या बबनरावांकडे पाठवल्या नाहीत, स्वतः नेल्या. ते विचारायला लागले, एवढ्या कशाबद्दल? "नाताळ हाय," बाई म्हणाल्या. "खा गुमान." हीच त्यांची माफी होती आणि बबनरावांना ती कळली, कारण त्यांनी एक करंजी तिथेच उभ्याने खाल्ली.

घमेल्यात माती भरून बाईंनी पाखरांसाठी मेथी पेरली. संध्याकाळी मात्र त्या हजेरी झाली तरी लगेच खाली येत नसत. ढाबळीच्या दाराशी बसून बोलत राहायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, पाखरांशी बोलताहेत. मग शब्द कानावर आले. "तुमच्या त्या धुरानं आंधळी झाली असती सगळी. ऐकताय का? बरं झालं संद्या आला." मिस्त्रींची खरडपट्टी चालली होती. धूर नव्हता, पण बोलणं अगदी मजेत चाललं होतं.

हळूहळू डोळे निवळले. रडकीचं रडू थांबलं. दाऊदचा उजवा डोळा लख्ख झाला, पण डाव्यावरची साय गेली नाही ती नाहीच. संदीप म्हणाले, "एका डोळ्यानं चांगलं दिसतं त्याला. उडवा." बाई ऐकेनात. डाव्या बाजूने शिक्रा झडप घालायला आला तर? तारेला धडकला तर? वाट चुकला तर? बाकीची पाखरं सकाळी आभाळात फेरे मारायची आणि दाऊद जाळीला छाती टेकून वर बघत बसायचा. उन्हाळा आला तरी त्याचं दार बंदच होतं. गल्लीतल्या पोरांना खेळू द्या, मातीत पडू द्या म्हणून आयांशी भांडलेली ही बाई, पण या एका लेकराला त्यांनी घरकोंबडा करून ठेवलं होतं. मी एकदा तसं बोलून गेलो. "तुमचं काय जातंय बोलायला," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग माझी बदली झाली आणि केडगावला घर बघितलं. निघायच्या सकाळी टेम्पो भरून झाला, ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसला आणि वरून हाक आली. "सर! वर या जरा!"

मी गेलो. बाईंच्या हातात दाऊद होता. त्याचा निरोप घ्यायला बोलावलं असेल असं मला वाटलं.

"आज सोडते ह्याला," त्या म्हणाल्या. "तुमी चालला. उद्या वर कोन येनार? एकटीच्यानं माझा हात उघडायचा न्हाई. तुमी निस्तं हितं उभं ऱ्हावा."

मी नुसता उभा राहिलो. बाईंनी दाऊदचा डोळा बघितला, उजवा, मग डावा. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. मग हात वर गेले आणि उघडले.

दाऊद आधी खालीच गेला.  कठड्याखाली दिसेनासा झाला आणि मग बबनरावांच्या पत्र्यावरून वर उसळला. चांगल्या डोळ्याच्या बाजूला कलून त्याने एक फेरा घेतला, मग मोठा, मग त्याहून मोठा. चर्चच्या शिखरावरून, नदीकडच्या बाभळींवरून. आणि मग उसाच्या रानाकडे गेला तो दिसेचना.

आम्ही दोघं बघत राहिलो. खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. परत दिला. बाकीची पाखरं उतरून दाणे टिपू लागली तरी दाऊदचा पत्ता नव्हता. बाईंनी कठडा घट्ट धरला होता.

"जा तुमी," त्या आभाळावरची नजर न काढता म्हणाल्या. "टेम्पोवाला खोळंबलाय."

"बाई, येईल तो."

"जा म्हनते ना."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बघितलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. असं अर्ध्यावर सोडून जाणं बरं नव्हतं, पण टेम्पोत सामान होतं आणि पलीकडे नव्या घराची किल्ली घेऊन माणूस थांबला होता.

गल्लीतून बाहेर पडून टेम्पो मोठ्या रस्त्याला वळला. तिथून बाईंचा स्लॅब स्पष्ट दिसतो. मी खिडकीतून मान बाहेर काढली. उसाच्या बाजूने एक ठिपका येत होता, एका अंगाला कललेला. तो ढाबळीवर आला, फळीवर उतरायला गेला, अंदाज चुकला, पाण्याच्या टाकीवर आपटल्यासारखा बसला, आणि बाई एवढ्या वयात टाकीकडे धावल्या. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतलं.

"आलं वो!" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "आलं वो, आलं पाखरू!"

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. ड्रायव्हरनेही हॉर्न दिला. पण बाई रस्त्याकडे बघतच नव्हत्या. पाखरू त्यांच्या हातात होतं, आभाळात आता काहीच नव्हतं, आणि त्या मान वर करून, हसत, आभाळालाच सांगत होत्या.